खिचडी कुठली, मीठ कुठलं

माझ्या माहेरी, पेणला, जेवताना गप्प बसायची सोय नव्हती. वडिलांचं बाजारात बी-बियाण्यांचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते वाचत बसायचे. शेतकीच्या पुस्तिका, रद्दीत आलेली मासिकं, काहीच नसलं तर बियाण्यांच्या पाकिटांमागची बारीक अक्षरं. आणि रात्री ताटं वाढली की भाताला हात लावायच्या आधी विचारायचे, "बोला, आज काय नवल?"

मग प्रत्येकानं काहीतरी सांगायचं. बांबू हे झाड नव्हे, गवत आहे. केळीला खोड नसतंच, ती नुसती पानांची गुंडाळी असते. वांगं, बटाटा आणि तंबाखू एकाच कुळातले, चुलत-चुलत भाऊ. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "भाऊ असू देत, पण वांग्याची भाजी टाकायची नाही कुणी." असं ते घर. त्यात वाढल्यामुळे मला वाटायचं की सगळ्याच घरांत लोक जेवताना असंच बोलत असतील.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझं लग्न झालं आणि मी रोह्याला आले. घर गावाबाहेर, वरसे गावाच्या बाजूला, तेव्हा तिकडे वस्ती नुकती वाढत होती. हे धाटावच्या एका कंपनीत, शिफ्टमध्ये. सासरे लग्नाआधीच वारलेले. घरात मी आणि सासूबाई. हे घरी असले तर झोपलेले, नाहीतर कंपनीत. सासूबाई स्वभावानं वाईट नव्हत्या, पण त्यांना बोलायची सवयच राहिली नव्हती. "भात घे गो." "दार लोट." "पाणी आलं." दिवसभरात एवढंच. जेवताना तर भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं.

एकदा धीर करून मी म्हटलं, "आई, बांबू म्हणजे गवत असतं, माहितीये?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आमटीत भात कालवला आणि म्हणाल्या, "असंल."

त्यानंतर मी बरेच दिवस काही सांगितलं नाही.

सासूबाईंचे उपास मात्र कडक. एकादशी, सोमवार, चतुर्थी, सगळं. आणि त्यांची साबुदाण्याची खिचडी! दाणा मोकळा, मऊ, कूट बेताचं, मिरचीचा वास तेवढा नाकाला लागणारा. आळीतल्या बायका वाटी घेऊन यायच्या. मला उपासाचं फारसं काही नव्हतं, पण त्या खिचडीसाठी मीही एकादशी धरायला लागले.

माघातली एकादशी होती. आम्ही दोघी पानावर बसलो होतो. खिचडी वाफाळत होती, शेजारी उकडलेल्या बटाट्याची भाजी. मला वडिलांची आठवण झाली आणि तोंडातून निघून गेलं, "आई, एक गंमत आहे. ही आपली उपासाची खिचडी ना, सगळी परदेशी आहे."

"परदेशी? बाजारातल्या वाण्याकडनं आणलीय की."

"तसं नव्हे. साबुदाणा एका कंदापासून करतात, तो कंद मूळचा अमेरिकेकडचा. बटाटा तिकडचाच. शेंगदाणा तिकडचा. मिरचीसुद्धा. फिरंगी लोकांनी जहाजातून आणलं सगळं. चार-पाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडं यातलं काहीच नव्हतं. 'बटाटा' हा शब्दसुद्धा त्यांचाच."

मी हसत होते. सासूबाई हसत नव्हत्या. त्यांचा हात पानावर तसाच थांबला होता.

"मिरची पन?"

"हो. त्याआधी तिखटाला मिरी वापरायचे. मिरीवरूनच मिरची हे नाव पडलं म्हणतात."

त्यांनी खिचडीतला मिरचीचा तुकडा बोटानं बाजूला काढला. मग म्हणाल्या, "मंग इतकी वर्सं मी उपासाला काय खाल्लं गो?"

 त्या उठल्या, हात धुतले, पेलाभर दूध घेतलं आणि मागच्या पडवीत जाऊन बसल्या. मी तशीच पानावर. खिचडी गार होत गेली.

रात्री हे कंपनीतून आले तेव्हा मी सगळं सांगितलं. हे कपाळाला हात लावून हसले, मग हसू आवरून म्हणाले, "तुझ्या घरी चालतं गं हे. आईला उपासाचं तेवढं काही म्हणू नकोस. तिला दुसरं आहे काय?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण मला वाटलं, झालं, आता या घरात जे काही दोन शब्द बोलले जायचे तेही गेले.

दोन-तीन दिवस सासूबाई रोजच्यापेक्षाही गप्प होत्या. मग एका सकाळी मी विळीवर भाजी चिरत होते आणि त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"रताळं?"

मला कळेना. "काय रताळं, आई?"

"आपलं का भायरचं?"

मी चाचरत म्हटलं, "बाहेरचं."

त्या गेल्या. दुपारी कपडे वाळत घालताना पुन्हा आल्या. "राजगिरा?"

"तोही तिकडचाच असावा. मला नक्की नाही सांगता यायचं."

"नक्की कोन सांगंल?"

"माझे बाबा."

त्यांनी पदर खोचला. "मंग जाऊ पेनला. शिवरातीच्या आदी जाऊ. ऐकीव नको मना, नीट इचारून घेऊ."

विहीण आपणहून व्याह्याच्या दुकानी जाणार, तेही उपासाची चौकशी करायला! मला रात्रभर झोप लागली नाही. वडिलांना आधी कळवावं तर घरी फोन नव्हता.

रोह्याहून सकाळची एसटी धरली. सासूबाईंच्या मांडीवर एक पिशवी होती, ती त्यांनी नागोठणे गेलं, वडखळ नाका गेला तरी खाली ठेवली नाही. मी विचारलं काय आहे, तर म्हणाल्या, "हाय."

वडील दुकानात एकटेच होते. आम्हाला बघून गडबडीनं उठले, टॉवेलनं खुर्ची पुसली. "या, या विहीणबाई! अचानक? सगळं ठीक आहे ना?" त्यांची नजर माझ्याकडं. माझं तोंड उतरलेलं बघून त्यांचंही उतरलं.

"ठीक हाय," सासूबाई म्हणाल्या. खुर्चीवर बसल्याच नाहीत. फळीवर पिशवी ठेवली आणि एकेक पुरचुंडी सोडायला लागल्या. साबुदाणा, शेंगदाणे, दोन बटाटे, मिरच्या, रताळं, राजगिरा, वरी, जिरं, शिंगाड्याचं पीठ, सुरणाचा तुकडा, लाल भोपळ्याची फोड, एक केळं, चिमूटभर साखर. सगळी उपासाची कोठी त्यांनी माझ्या वडिलांसमोर मांडली.

"व्याही, आता तुमी सांगा. यातलं आपलं कंचं आनि भायरचं कंचं. सुनेनं सांगतलं, पन ती लहान हाय. तुमचा धंदाच हा."

वडिलांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग त्या पुरचुंड्यांकडं. काय झालं असेल ते ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. म्हणाले, "विहीणबाई, पोरगी काही भलतंसलतं बोलली असेल तर..."

"भलतं नाय बोलली. खरं का खोटं तेवढं सांगा."

मग वडील चष्मा लावून कामाला लागले. ते असं काम कधीही टाळू शकले नसते. एकेक वस्तू उचलायची, विचार करायचा आणि डाव्या नाहीतर उजव्या हाताला ठेवायची. साबुदाणा उजवीकडे, बाहेरचा. शेंगदाणा, बटाटा, मिरची, रताळं, राजगिरा, भोपळा, सगळं उजवीकडे. डावीकडे वरी, सुरण, शिंगाडा, केळं. जिऱ्यापाशी ते अडले. "हा पश्चिमेकडचा पाहुणा. पण इतका जुना, की आता घरचाच म्हणा." जिरं मधे राहिलं.

उजवीकडचा ढीग मोठा झाला. सासूबाईंचा चेहरा बघवेना. वडिलांच्याही ते लक्षात आलं. शेवटी साखर राहिली होती. ती त्यांनी बोटाच्या टोकावर घेतली आणि एकदम खुलले.

"ही मात्र आपली! नुसती आपली नव्हे, जगाला आपण दिली. उसाच्या रसाची दाणेदार साखर करायची विद्या पहिल्यांदा आपल्याकडं निघाली. इंग्रज तिला शुगर म्हणतो ना, तो शब्दसुद्धा आपल्या 'शर्करा'वरून फिरत फिरत गेलेला."

"आपन दिली?"

"आपण दिली. आता त्यांच्या सणावाराला जे गोडधोड होतं त्यात आपली साखर, आणि आपल्या उपासाला त्यांचा बटाटा. फिटंफाट."

सासूबाईंच्या ओठांवर थोडं हसू आलं. मग वडील सांगत सुटले. फिरंगी रेवदंड्याला होते, रेवदंडा म्हणजे कुंडलिकेचं मुख, आणि तीच कुंडलिका तुमच्या रोह्यावरून जाते. "कुणी सांगावं विहीणबाई, आपल्या भागातली पहिली मिरची तुमच्याच खाडीच्या तोंडाशी उतरली असेल. हे कुठं लिहिलेलं नाही हां, मी आपला अंदाज सांगतो."

सासूबाई ऐकत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "आनि मीठ?"

"मीठ? उपासाला तुम्ही सैंधव वापरत असाल ना?"

"व्हय. सैंधवच."

"ते खाणीतलं. डोंगरातून खणून काढतात. ते येतं पार सिंधकडून, पंजाबकडून. म्हणून तर सैंधव. सिंधूचं ते सैंधव."

यावर त्या खुर्चीवर बसल्या. आल्यापासून पहिल्यांदा. पदरानं तोंड पुसलं. आणि मग जे बोलल्या ते मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, ह्यांनीही ऐकलं नव्हतं.

सासूबाईंचं माहेर पेणच्या खाडीकाठचं. बाप, चुलते, भाऊ सगळे मिठागरावर. लग्न होऊन रोह्याला आल्या तेव्हा बापानं पाठवणीला आगरातलं मीठ दिलं होतं, पांढरंशुभ्र, नव्या मडक्यात, वर कापड बांधून. पहिल्याच एकादशीला त्यांनी त्यातलं मीठ खिचडीत घातलं. तर त्यांच्या सासूनं ती खिचडी गाईला घातली. म्हणाली, खाडीचं मीठ उपासाला चालत नाही, चिखलातलं ते. या घरात सैंधव लागतं.

"कोन उलटून बोलनार तवा?" सासूबाई म्हणाल्या. "मी आपली गप बसली. माज्या बापाचे पाय त्या मिठानं फाटलेले असायचे, भेगांतून रगत यायचं. त्या हातापायांचं मीठ देवाला नको. आनि हा बटाटा, कुठला कोन जानं, जहाजातनं आला, त्यो चालला. सगल्यांना चालला."

  वडिलांनी चष्मा काढून हातात धरला.

"विहीणबाई," ते म्हणाले, "मी काही शास्त्री नव्हे. पण एवढं सांगतो, या फळीवर जे जे आहे त्यातलं काहीही तुमच्या बापाच्या मिठापेक्षा जवळचं नाही."

सासूबाई उठल्या. उजवीकडचा आणि डावीकडचा असे दोन्ही ढीग पुन्हा एकाच पिशवीत भरले. मला म्हणाल्या, "चल गो. मामाकडं जाऊन येऊ."

ह्यांचे मामा, म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, अजून आगरावर होते. आम्ही रिक्षा केली आणि बांधावरून चालत गेलो. उन्हं चढलेली. चौकोनी वाफ्यांतलं पाणी आटत आलेलं, कडेला मीठ ओढून लावलेले ढीग, डोळे दिपत होते. मामा गुडघ्यापर्यंत लुंगी गुंडाळून लाकडी फावड्यानं मीठ ओढत होते. बहिणीला बघून आधी घाबरले. "काय झालं गो? अशी मधीच?"

"काय नाय झालं. मीठ दे."

"मीठ?"

"शिवरातीला लागतंय मना. चांगलं बघून दे, पैल्या हाताचं."

मामांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी ढिगाच्या वरचं, सगळ्यांत पांढरं मीठ ओंजळीनं काढून पिशवीत भरलं. सासूबाईंनी त्यातला एक खडा उचलून जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मी बाजूला सरले. वारा खाडीकडून येत होता, खारट आणि गरम.

महाशिवरात्रीच्या दिवशी सकाळी त्यांनी साबुदाणा भिजवला, दाणे भाजले, मिरच्या चिरल्या. मीठ घालायची वेळ आली तेव्हा मला हाक मारली. "तू घाल."

"मी कशाला? तुम्हीच घाला."

"घाल म्हनते ना. तुज्यामुलं आलंय ते."

मी घातलं. नैवेद्याचं पान देवापुढं ठेवून त्या हात जोडून उभ्या राहिल्या. रोजचं म्हणून झालं, आणि मग हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असं, म्हणाल्या, "देवा, ज्या बायांनी पैला बटाटा लावला, पैला सेंगदाना लावला, त्या कुठं कुठं असतील, त्यांच्या लेकराबालांना सुकात ठेव. त्यांचं आमी खातो. आनि माज्या बापाला सांग, तुजं मीठ आज देवापुढं ठेवलंय."

मी त्यांच्या मागं उभी होते. माहेरी आम्ही इतकी नवलं सांगितली, पण ऐकून कुणाचे आभार मानावेत हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. आम्हाला ती गंमत वाटायची. त्यांना ती देणी-घेणी वाटली, माणसांमाणसांतली.

संध्याकाळी देवळात बायका जमल्या होत्या. बातमी कशी पसरली कोण जाणे, बहुतेक सासूबाईंनीच वाटीभर खिचडी देताना सांगितलं असावं. पूजेचं ताट घेऊन मी पायरीवर होते तेवढ्यात आळीतल्या एक वयस्कर बाई मोठ्यानं म्हणाल्या, "सून शिकलेली आणली की असं होतं. उपाससुद्धा बाटवला म्हणे. म्लेंच्छांचा म्हणे साबुदाणा."

मी ताट घेऊन तशीच थांबले. दोघी-तिघी हसल्या. सासूबाई आत होत्या, त्या बाहेर आल्या.

"बाटवला नाय," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "कुठनं आलं तेवढं सांगतलं. इतकी वर्सं आपन खातोय, एकीला तरी ठावं होतं काय? ज्याचं खायाचं त्याचं नाव नको ठावं असाया? आनि शिकलेली हाय म्हनून तर सांगतलं. मना आवडतं तिचं बोलनं. तुमाला नसंल आवडत तर आमच्याकडं वाटी घेऊन येऊ नका."

वाटीचं ऐकून सगळ्या गप्प झाल्या. मग त्याच बाई, जरा खाली आवाजात, मला म्हणाल्या, "आणि काय गं, पेरू कुठला?"

"तोही तिकडचाच, काकू. सीताफळसुद्धा. काजूपण."

"अगो बाई! काजूपण?"

त्या संध्याकाळी देवळाच्या पायरीवर मी किती वेळ बोलत होते ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या आणि कुणी मधे बोललं की हातानं गप्प करत होत्या. लग्न होऊन आल्यापासून मी त्या गावात पाहुणी होते. त्या दिवसानंतर नव्हते.

घरही बदललं, पण एकदम नव्हे. आधी त्या फक्त खाण्याचंच विचारायच्या. मग हळूहळू इतरही. साबण कसा करतात, वीज तारेतून सांडत कशी नाही, नागोठण्याच्या कंपनीत प्लास्टिक कशाचं बनतं. शेवटच्या प्रश्नावर हेही जागे होऊन उठून बसले आणि बोलायला लागले. आपल्या नवऱ्याला इतकं सांगता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मला दिवस गेले तेव्हा पहिले काही महिने मी अंथरुणाला खिळले होते. सासूबाई उशाशी बसून बजावायच्या, "पडल्या पडल्या सांग कायतरी. तोंड तर नाय ना दुखत?" त्यांना ऐकायचं असायचं, हे खरं. पण माझं मन लागावं म्हणून त्या विचारायच्या, हेही मला कळत होतं.

वडील मात्र बरेच दिवस रोह्याला यायला कचरत होते. आपल्यामुळे विहीणबाईंच्या घरात काहीतरी मोडलं असं त्यांना वाटत होतं. शेवटी बाळाच्या बारशाला आले. सासूबाईंनी त्यांना मानानं पाटावर बसवलं, आग्रह करकरून वाढलं. ते खाली मान घालून जेवत होते, एक शब्द बोलत नव्हते.

जेवणं झाली, चहा आला. सासूबाई समोर बसल्या.

"व्याही, आज गप का? आमच्याकडं येऊन नवल नाय सांगायचं?"

वडिलांनी कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. सवय जाते कुठं? म्हणाले, "म्हणजे, हा चहा आहे ना, विहीणबाई, आपल्या आज्या-पणज्यांनी कधी..."

"थांबा," सासूबाईंनी हात वर केला. "ते नका सांगू. त्यो चीनचा असू दे नायतर आनि कुठला. मी सोडायची नाय."

वडील इतके हसले की त्यांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. पाळण्यातलं बाळ दचकून उठलं आणि रडायला लागलं. सासूबाईंनी त्याला उचललं, खांद्यावर टाकलं आणि थोपटत थोपटत पडवीकडं निघाल्या. जाताना त्याच्या कानाशी काहीतरी सांगत होत्या.